वैशालीने न खोडलेली दोन वाक्यं

वैशाली गेल्याचं मला शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. चौथीच्या सहलीची बस किती वाजता सुटणार, असं कोणीतरी विचारत होतं आणि त्याच्याखाली ऑफिसमधल्या बाईंचा मेसेज, ‘आपल्या कौन्सेलर वैशाली मॅडम आज सकाळी गेल्या.’ मग जोडलेल्या हातांची रांग सुरू झाली. एकाने तर घाईघाईत अंगठा दाखवला. मी कणीक मळत होते, हात पिठाचे, करंगळीने फोन वर सरकवत होते... आणि मला आधी रडू आलं नाही, राग आला. डेंग्यू होता. भाईंदरच्या खारी गावात वैशालीच्या बिल्डिंगच्या शेजारी एक इमारत अर्धवट टाकून बिल्डर पसार झालाय. तिच्या तळघरात कायम पाणी साचलेलं असतं आणि अख्खी गल्ली तक्रारी करून थकली आहे. प्लेटलेट्स उतरत गेल्या आणि नुकतीच चाळिशी गाठलेली, साधी सर्दी झाली तरी मुलांना नको म्हणून मास्क लावून शाळेत येणारी बाई बघता बघता गेली. आता दीडएक महिना होऊन गेला. काही आठवडे गेले की राग ओसरतो, असं मला खूप जणांनी समजावलं. माझा काही ओसरलेला नाही. म्हणून हे लिहितेय.

मी मीरा रोडच्या एका शाळेत मराठी शिकवते. काही वर्षांपूर्वी सगळीकडे शाळेत समुपदेशक हवा अशी टूम निघाली, तेव्हा आमच्या प्रिन्सिपलनी वैशालीला आणून उभं केलं. खोली कुठली दिली, तर खेळाच्या सामानाच्या खोलीतली अर्धी. एका बाजूला फुटलेले कॅरम आणि हवा गेलेले फुटबॉल, दुसऱ्या बाजूला ही आणि दोन खुर्च्या. शिपायाने पहिल्याच दिवशी त्या खोलीचं नाव ‘टेन्शनवाली रूम’ ठेवलं. कुठला शिक्षक आला नाही की हिला त्याच्या वर्गावर पिटाळायचे, ‘मॅडम, आप तो फ्री ही हो ना.’ ती मुकाट्याने जायची. मला ते बघवायचं नाही. मधल्या सुट्टीत डबा घेऊन मीच तिच्या खोलीत जाऊन बसायला लागले, कारण स्टाफरूममध्ये तिच्याशी कोणी धड बोलत नव्हतं. आपल्या मनातलं हिला ओळखता येतं, अशी सगळ्यांना भीती. मी पण काही फार शहाणी नव्हते. पहिल्याच आठवड्यात मी तिला विचारलं, ‘काय गं, दिवसभर लोकांची रडगाणी ऐकून तू वेडी नाही का होत?’ ती भाकरीचा तुकडा ठेच्याला लावत म्हणाली, ‘होते की. मग गोळ्या घेते.’ मला वाटलं, गंमत करतेय. ती गंमत नव्हती. मधली काही वर्षं तिने नैराश्यावर औषधं घेतली होती, डॉक्टरांना विचारून बंद केली होती, आणि लागली तर परत घेईन, असं ती चष्म्याचा नंबर सांगावा इतक्या सहज सांगायची.

हळूहळू घरी जाणं-येणं झालं. त्यांचं घर खारीत. वडील जालन्याकडचे, सरकारी छापखान्यात नोकरीला म्हणून मुंबईत आलेले, रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडून भाईंदरला फ्लॅट घेतलेला. आई, वडील, वैशाली आणि धाकटा भाऊ मिलिंद. मिलिंद डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला असताना त्याला आवाज ऐकू यायला लागले. वर्गातली मुलं आपल्याबद्दल भिंतीपलीकडून बोलतात, असं तो म्हणायचा. घरात कोणाला काही कळेना. आत्या त्याला गुपचूप कुठल्या तरी बुवाकडे घेऊन गेली. वडिलांना ते समजलं तेव्हा ते बहिणीला म्हणाले, ‘यासाठी आपण बौद्ध झालो का?’ आणि पुढे कितीतरी वर्षं तिच्याशी बोलले नाहीत. वैशाली तेव्हा कॉलेजात होती. तीच त्याला डॉक्टरकडे घेऊन गेली, तीच आजाराचं नाव घेऊन घरी आली, आणि मग तिने मानसशास्त्रच घेतलं. मिलिंद आता गोळ्यांवर बरा असतो. दुपारचा नाक्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात बसतो, हळू बोलतो, चहा फक्कड करतो. पण शेजारीपाजारी मात्र वडिलांनी ‘त्याला फिट येते’ असं सांगून ठेवलेलं. बुवाला न मानणारा तो ताठ माणूस, पण पोराच्या आजाराचं नाव घ्यायला त्याची जीभ उचलत नव्हती. घरातलं घरात राहू दे, म्हणायचे. वैशालीला हे अजिबात पटत नसे, पण वडिलांपुढे ती मूग गिळून बसायची.

तिचं खरं काम शाळेबाहेर चालायचं. घरात एकाला असा आजार असला की सगळे त्याच्या आईला विचारतात, बायकोला विचारतात. भावाबहिणीला कोण विचारतं? वैशालीला तेच शोधायचं होतं. तिने अशा भावंडांना रविवारी एकत्र बसवायला सुरुवात केली. जागा नव्हती, म्हणून मी म्हटलं, माझ्या हॉलमध्ये बसा. आम्ही बेव्हर्ली पार्कला राहतो, हॉल बऱ्यापैकी मोठा आहे आणि आमच्या ह्यांना रविवारी झोपायला बेडरूम पुरते. तिचा एकच नियम होता. पहिला अर्धा तास आजारी माणसाचं नाव काढायचं नाही, फक्त स्वतःबद्दल बोलायचं. मला वाटलं, त्यात काय एवढं. पण खरं सांगते, लोकांची दातखीळ बसायची. कपड्याच्या दुकानात काम करणारा एक गुजराती मुलगा होता, त्याला ‘तू आज काय खाल्लंस’ विचारलं तर तो भावाने काय खाल्लं ते सांगायला लागला. तारोडी गावातून एक बाई यायची, मासळी विकणारी. ती पहिले दोन-तीन रविवार नुसती बसून होती. मग एकदा म्हणाली, ‘माजा काय चाललाय, ता मना कोनी इचारलंच न्हाय आजपावत.’ आणि हसायलाच लागली. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीच्या कानावर हे गेलंच. दारात येऊन म्हणाला, ‘भाभी, सुना है संडे को मेंटल लोग आते हैं. बिल्डिंग में बच्चे हैं.’ मी म्हटलं, ‘मेंटल लोगों के भाई-बहन आते हैं. आप का कोई है तो आप भी आ जाओ.’ तो परत आला नाही. वैशाली म्हणाली, ‘शुभाताई, असं बोलायचं नसतं.’ ती माझ्यापेक्षा फार सभ्य होती.

या कामावर तिला पीएच.डी. करायची होती. क्लिनिकल किंवा कौन्सेलिंग सायकॉलॉजी, जिथे मिळेल तिथे. एम.ए.वर शाळेतल्या अर्ध्या खोलीत बसता येतं, पण हॉस्पिटलमध्ये ताठ मानेने उभं राहायचं, आपलं काम चार लोकांनी वाचावं म्हणायचं, पुढच्या मुलांना शिकवायचं, तर ती पदवी लागते. शिवाय तिला वाटायचं, ‘भावंडं’ हा विषय एकदा कागदावर पक्का झाला की डॉक्टर लोक आपोआप विचारायला लागतील, घरी आणखी कोण आहे, ते कसे आहेत म्हणून. ही तिची सगळी महत्त्वाकांक्षा. प्रवेश परीक्षा ती पहिल्याच फटक्यात पास झाली, वरच्या नंबरात. मग मुलाखतीआधी एक पान लिहून द्यायचं असतं, एसओपी म्हणतात त्याला. तुम्हाला हा अभ्यास का करायचाय, हा विषय का घेतला, ते तुमच्या शब्दांत. वैशालीने तिच्या शब्दांत लिहिलं. त्यातली दोन वाक्यं मला पाठ आहेत. लिहिली होती इंग्रजीत, पण मराठीत सांगायची तर अशी, ‘माझा धाकटा भाऊ मिलिंद याला स्किझोफ्रेनिया आहे आणि मी त्याच्याबरोबर राहते. मी स्वतः काही काळ नैराश्यावर औषधं घेतली आहेत.’ बस. त्याच्यापुढे रडणं नाही, मोठेपणा नाही, लगेच संशोधनाचा आराखडा सुरू.

मुलाखतीहून आल्यावर तिने मला डब्यावर सगळं सांगितलं. पॅनलवरच्या कोणी आराखड्याबद्दल एक अक्षर विचारलं नाही. एक सर म्हणाले, ‘म्हणजे तुम्ही इथे पेशंट म्हणून आलात की संशोधक म्हणून?’ आणि बाकीचे हसले. ती म्हणाली, ‘बहीण म्हणून सुरुवात केली, सर.’ दुसऱ्या एक बाई, अगदी मायेने म्हणे, ‘पीएच.डी.चं प्रेशर फार असतं. झेपेल ना तुम्हाला? परत काही त्रास सुरू झाला तर?’ अहो, ज्या बाईने कॉलेजात असल्यापासून घर, भाऊ, नोकरी आणि स्वतःचं आजारपण एका खांद्यावर पेललं, तिला विचारताय झेपेल का? आणि विचारतंय कोण, तर ज्यांचा पोटापाण्याचा धंदाच माणसाचं मन समजून घेणं हा आहे. निकाल लागला तेव्हा तिच्या नावापुढे काहीच नव्हतं. तिच्या राखीव गटातली जी जागा होती, तिच्यापुढे लिहिलं होतं, ‘योग्य उमेदवार आढळला नाही.’ जागा रिकामी ठेवली, पण तिला दिली नाही. आडनाव वाचून त्यांच्या मनात काय आलं आणि ती दोन वाक्यं वाचून काय आलं, हे निवडत बसायला मी काही न्यायाधीश नाही. दोन्ही आलं असेल. पण हिला समोर बसवून, हिचं काम टेबलावर असताना ‘आढळला नाही’ लिहिताना त्यांचा हात कसा धजावला, हे मला अजून कळलेलं नाही.

खरी आग माझ्या डोक्यात पुढच्या ऑक्टोबरात गेली. ऑक्टोबरात मानसिक आरोग्याचा दिवस असतो. शाळेत दरवर्षी पोस्टर स्पर्धा आणि एखादं भाषण. पाहुणे म्हणून कोणाला बोलवायचं, तर वैशालीने त्याच विभागाच्या प्रमुख मॅडमना बोलावलं, ज्यांच्या विभागाने हिला नाकारलं होतं. मी म्हटलं, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? ती म्हणाली, ‘अहो, त्या बोलतात छान. मुलांना फायदा होईल.’ आणि खरंच छान बोलल्या. हातमागाची साडी, मोठं कुंकू, आवाज असा की मागच्या बाकावरची कार्टीसुद्धा गप्प. ‘बोला,’ म्हणाल्या, ‘लपवू नका. मधुमेहाची गोळी घेताना लाजता का? मग मनाच्या गोळीची लाज कशाला?’ हॉलभर टाळ्या. वैशाली सगळ्यांत जोरात वाजवत होती. नंतर प्रिन्सिपलच्या केबिनमध्ये सामोसे आणि चहा. प्रिन्सिपलना फोन आला, ते बाहेर गेले आणि आम्ही तिघीच उरलो. तेव्हा मॅडम वैशालीच्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, ‘तुझं प्रपोजल चांगलंय गं. खरंच चांगलंय. पण ती दोन वाक्यं... पॅनल अस्वस्थ होतं. पुढच्या वेळी काढून टाक. निदान स्वतःचं तरी काढ.’ माझ्या हातातला सामोसा हातातच राहिला. मी म्हटलं, ‘मॅडम, आत्ता तर तुम्ही म्हणालात, लपवू नका.’ त्यांनी माझ्याकडे बघितलं, हसल्या, आणि म्हणाल्या, ‘ते पेशंट्ससाठी असतं. आपण प्रोफेशनल लोक.’

ते पेशंट्ससाठी असतं. मी हे वाक्य त्यानंतर इतक्या जणांना सांगितलंय की आमचे हे आता मी तोंड उघडायच्या आधी उठून जातात. पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. म्हणजे तुम्ही गावभर पोस्टरं लावणार, लाजू नका म्हणून मुलांना सांगणार, आणि त्या मुलांतलं एखादं उद्या खरंच न लाजता तुमच्या दारात आलं की त्याला म्हणणार, अय्या, तू नको. वैशालीला मात्र राग आला नाही. मॅडमना रिक्षापर्यंत सोडून ती परत आली आणि उरलेले सामोसे शिपायाला देऊन टाकले. मी विचारलं, ‘मग? काढणार?’ तर म्हणाली, ‘त्याचं ठेवायचं आणि माझं लपवायचं, म्हणजे मी भावाचा उपयोग करून घेतल्यासारखं नाही का होणार?’ मी म्हटलं, ‘दोन्ही काढ मग.’ तिने नकारार्थी मान हलवली.

दुसऱ्या वर्षी तिने परत तेच पान पाठवलं, आणि तिसऱ्या वर्षीही. एका खाजगी विद्यापीठालाही पाठवून बघितलं. तिथे तर मुलाखतीलाच बोलावलं नाही. एकदा परदेशातल्या विद्यापीठांचं बघू म्हणून आम्ही दोघी माझ्या लॅपटॉपवर बसलो, तर तिथल्याही जाणत्या लोकांचा सल्ला तोच, स्वतःच्या आजाराबद्दल अर्जात चकार शब्द काढू नका. म्हणजे जगभर एकच शाळा. शेवटी मी तिला जबरदस्तीने मीरा रोड स्टेशनजवळच्या एका माणसाकडे नेलं, जो असली पानं दुरुस्त करून देतो. खाली केकचं दुकान, वर याचं ऑफिस. त्याने एक मिनिट वाचलं आणि म्हणाला, ‘मॅडम, ब्रदर को पेशंट बना दो. इंटर्नशिप में मिला था, ऐसा लिखो. इमोशन भी रहेगा, सेफ भी रहेगा.’ वैशाली उठली, थँक यू म्हणाली आणि जिना उतरली. खाली रसाच्या गाडीपाशी आमचं कडाक्याचं भांडण झालं. म्हणजे मी भांडले. ‘सगळे तेच करतात,’ मी म्हटलं. आणि करतातच. त्या वर्षी तिच्यामागच्या नंबरावरची एक मुलगी आत गेली. तिने पानभर लिहिलं होतं की लहानपणी शेजारच्या काकूंना एकट्याने रडताना पाहिलं आणि मनात ठिणगी पडली. नंतर तिनेच हसत हसत वैशालीला सांगितलं, शेजारी काकू नव्हत्याच, शेजारी बंद फ्लॅट होता. ‘बघ,’ मी म्हटलं, ‘न रडलेल्या काकू चालतात, तुझा जिताजागता भाऊ चालत नाही. मग दे ना त्यांना काकू. एकदा आत गेलीस की थिसिसमध्ये पाहिजे तेवढं खरं लिही.’ ती रसाचा ग्लास दोन्ही हातांत धरून उभी होती. म्हणाली, ‘खोडता येत नाही, शुभाताई.’ मी म्हटलं, ‘अगं, दोन ओळी आहेत, त्यात काय न येण्यासारखं?’ ती परत तेच म्हणाली, ‘नाही येत.’ मला वाटलं, हट्टी आहे. मी तिला ‘फार तत्त्वांची गं तू’ म्हणून टोमणा मारला. मी आजही तिला काढच म्हणाले असते, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. माझ्या मैत्रिणीला तिच्या हक्काचं मिळावं, एवढंच मला हवं होतं.

शेवटची भेट तिच्या घरी, तापात. पलंगावर उशीला टेकून बसली होती, ओठ सुकलेले. मिलिंद तिच्या कपाळावर गार पाण्याच्या घड्या ठेवत होता. ती त्याला अर्धवट डोळे उघडून विचारायची, ‘तुझी गोळी झाली का?’ आणि तो म्हणायचा, ‘झाली. तू पाणी पी.’ थोड्या वेळाने परत तेच. या वर्षीचे अर्ज नुकतेच निघाले होते. मी म्हटलं, ‘बरी झालीस की आपण अर्जाचं बघू. आणि या खेपेला तरी माझं ऐक.’ ती डोळे मिटूनच हसली. ‘तुम्ही मराठीच्या बाई ना. लाल पेन घेऊनच बसता नुसत्या.’ आई स्वयंपाकघरातून ओरडली, बोलू नको गं, दम लागेल. मग मी निघाले. दुसऱ्या दिवशी तिला ॲडमिट केलं आणि त्यानंतर मला कोणी आत सोडलं नाही.

आमच्याकडे तेरावं असतं, तसं त्यांच्याकडे पुण्यानुमोदन. पिंड नाही, कावळा नाही. बुद्धाच्या मूर्तीपुढे मेणबत्त्या, त्रिसरण-पंचशील, आणि मग एकेक माणूस उठतो आणि माइकवर गेलेल्या माणसाबद्दल बोलतो. मला ही पद्धत फार आवडली. बिल्डिंगच्या आवारात मांडव घातला होता, सगळे पांढऱ्या कपड्यांत. मी रिक्षातून उतरले तर गेटाबाहेर नाक्यावर हा मोठा फ्लेक्स. वाढदिवस असो की मयत, आमच्याकडे फ्लेक्सशिवाय काही होत नाही. शाळेच्या गॅदरिंगमधला वैशालीचा फोटो, खाली तिथल्या पोरांचे गोल गोल फोटो, वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आणि मध्ये मोठ्या अक्षरांत, ‘डॉ. वैशाली’. मी तिथेच थबकले. फ्लेक्स लावणाऱ्यांतला एक पोरगा खुर्च्या वाहत होता, त्याला विचारलं, ‘अरे, हे डॉक्टर कोणी लिहायला सांगितलं?’ तो बिचारा गोंधळला. म्हणाला, ‘मॅडम, ताई त्याच्यासाठीच जात होत्या ना एवढी वर्षं? परीक्षा पण पास झालेल्या. आम्हाला वाटलं, झाल्या असतील.’ त्याचं काय चुकलं? कुठल्याही सरळ डोक्याच्या माणसाला तसंच वाटणार. परीक्षा पास, काम डोळ्यांसमोर, दरवर्षी फाइल घेऊन जाणारी बाई. ती झाली नसेल, हे त्याच्या डोक्यात येणार तरी कसं?

विभागप्रमुख मॅडमही आल्या होत्या, गाडीने. फ्लेक्स त्यांनीही वाचला. मला ओळखलं, बाजूला घेतलं आणि आवाज बारीक करून म्हणाल्या, ‘ते डॉक्टर तेवढं... भावना समजू शकते, पण पदवी आहे ती. कोणी फोटो काढून टाकला कुठे, तर उगाच विभागाचं नाव येईल. घरच्यांना सांगून उतरवता येईल का?’ माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी मांडवात आहोत म्हणून मी एवढंच म्हटलं, ‘मॅडम, तुम्ही वेळेवर दिली असती तर ही चूक झाली नसती.’ मग त्यांना बोलायला बोलावलं. माइक हातात आल्यावर आवाज परत तोच, शाळेच्या हॉलमधला. ‘वैशाली आमच्याच विभागाची होती, असं म्हणायला हरकत नाही,’ म्हणाल्या. ‘तिचं संशोधन अपुरं राहिलं.’ अपुरं राहिलं. जसं काही तिनेच मध्ये सोडलं. पुढच्या रांगेत तिची आई बसली होती, ती बाजूच्या बाईला म्हणत होती, ‘किती चांगलं बोलू लागल्यात बाई माझ्या लेकराबद्दल.’ मला उठून जावंसं वाटलं.

आणि मिलिंद उठला. वडील त्याला ‘बस, बस’ म्हणत होते. आत्याही आली होती, तिने त्याचा शर्ट ओढला. पण तो माइकपाशी गेला, हळू हळू, जसा तो नेहमी चालतो. त्याने माइक फार जवळ धरला, त्यामुळे सुरुवातीला नुसता श्वास ऐकू आला. मग म्हणाला, ‘मी मिलिंद. ताईचा भाऊ. मला फिट येत नाही. मला स्किझोफ्रेनिया आहे. गोळ्या चालू आहेत. आजची घेतली.’ त्याने माइक थोडा लांब धरला. ‘बाहेर डॉक्टर लिहिलंय, ते चूक आहे. ताई डॉक्टर नव्हती. तिला घेतलं नाही. तिने माझ्याबद्दल लिहिलं होतं, तिच्या गोळ्यांबद्दल लिहिलं होतं, म्हणून.’ मला वाटलं, संपलं. मग म्हणाला, ‘लिहायच्या आधी तिने मला विचारलं होतं. लिहू का तुझं नाव, म्हणून. चुलतभावाच्या लग्नाच्या पत्रिकेत सगळ्या भावांची नावं होती, माझं नव्हतं. खोडलं होतं. म्हणून मी म्हटलं, लिही. पण एकदा लिहिलंस तर परत खोडायचं नाही... तिने नाही खोडलं.’ त्याने माइक खाली ठेवला आणि जागेवर जाऊन बसला. वडिलांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो त्यांनी कितीतरी वेळ काढलाच नाही.

म्हणजे हे होतं. ते तत्त्व नव्हतं आणि हट्टही नव्हता. भावाला शब्द दिला होता, आणि दिलेला शब्द तिने दरवर्षी एका पानावर लिहून पाठवला, आणि दरवर्षी पाच-सहा शिकलेल्या माणसांनी तो वाचून, चहा-बिस्किटं खाऊन, परत केला. मला तिने हे एकदाही सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर मी मिलिंदशी जाऊन भांडले असते. तेवढी ती मला ओळखून होती. मॅडम जेवायला थांबल्या नाहीत. जाताना त्या मिलिंदला भेटल्या का, हे मी मुद्दाम बघत होते. नाही भेटल्या. एक फोन आला तो कानाला लावून त्या गाडीत बसल्या. त्यांच्या विभागाच्या यादीत या वर्षीही एक जागा असेल आणि तिच्यापुढे काय लिहायचं ते त्यांना तोंडपाठ आहे.

दोन दिवसांनी मी तिच्या आईला भेटायला गेले, तर नाक्यावर मिलिंद. झेरॉक्सच्या दुकानातून पांढरा जाड कागद आणि गोंदाची बाटली आणली होती आणि फ्लेक्सखाली स्टूल लावत होता. मी म्हटलं, ‘राहू दे ना रे. पालिकेची गाडी येऊन काढेलच की सगळं. आणि पोरांनी प्रेमाने लिहिलंय.’ तो म्हणाला, ‘हो, पण ताईला चाललं नसतं.’ ज्यांनी तिला नाही म्हटलं, त्यांना ‘आढळला नाही’ एवढं लिहून मोकळं होता आलं. तिच्या नावापुढचं डॉक्टर पुसायला मात्र ते कोणी येणार नव्हते. ते काम तिच्या भावावर आलं, भर दुपारी, लोक जाता-येता बघत असताना. तो वर चढला, ‘डॉ.’वर कागद नीट बसवला, कोपरे दाबले. मी खाली स्टूल धरून उभी होते, मनातल्या मनात त्या सगळ्यांना शिव्या घालत.

‘मॅडम,’ तो वरून म्हणाला, ‘नीट धरा. स्टूल हलतंय.’